सरकी झोपली की जमीन झोपते

सरकीला देगलूरला पाठवून त्या शुक्रवारी अकरा दिवस झाले, आणि अकरा दिवसांत कमरुन्निसाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आता अगदीच नाही असंही म्हणता यायचं नाही. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबायचा, नमाजेत सजद्याला गेली की उठायला वेळ लागायचा, बोलता बोलता पुढचं वाक्य हरवायचं. पण झोप म्हणतात ती नव्हती. त्रेसष्ट वर्षांची बाई, बीपीची गोळी रोजची, गुडघे कधीचेच गेलेले. तिनं किती दिवस असं ओढायचं?

सरकी म्हणजे मांजर. पांढरं अंग आणि त्यावर काळपट ठिपके, सरकी काढायची राहिलेल्या कापसासारखे. म्हणून कमरुन्निसाच्या नवऱ्यानं, चांदपाशानं, तिचं नाव सरकी ठेवलं. पिंजाऱ्याच्या घरात मांजराला दुसरं नाव तरी काय मिळणार होतं? रस्त्याच्या बाजूला गाद्यांचं दुकान, मधे अंगण, अंगणाला लागून मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र आणि वर स्लॅबवर दोन खोल्या, असं ते घर. पाच वर्षांपूर्वी एवढंसं पिल्लू होऊन सरकी तिथं आली आणि पाच वर्षं कमरुन्निसाच्या पोटाला चिकटून झोपली. चांदपाशा म्हणायचा, माझ्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण बायको लाभली ती मांजराला.

तिला घराबाहेर काढायचं ठरलं ते मनतशाच्या खोकल्यावरून. मनतशा म्हणजे थोरल्या मुलाची, यासेरची मुलगी. बारावीचं वर्ष, डॉक्टरकीच्या परीक्षेचं कोचिंग, सकाळी सातला घर सोडायचं आणि दुपारी तीनला यायचं. बाहेरगावची पोरं बिछाना पाठीला बांधून लातुरात शिकायला येतात, ही तर लातुरातलीच. तिला काय कमी, असं सगळे म्हणायचे. पण उन्हाळ्यात तिला खोकला लागला तो हटेना. घरी आली, तासभर बसली की छाती भरायची, श्वासाला शिटी लागायची. वाचायला बसायची आणि अर्ध्या पानावर वही मिटायची.

यासेरची बायको हुमा तिला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, घरात केसाळ जनावर आहे का? हुमा म्हणाली, मांजर आहे. घरात धूळ असते का? याचा हुमाला राग आला. आमचं घर दिवसातून दोनदा झाडतो, म्हणाली. वडील काय करतात? दुकान आहे. झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर मांजर लांब ठेवून बघा.

बाकीचं काम धाकट्या फरहाननं केलं. फरहान नांदेडला औषधांच्या दुकानात कामाला, म्हणून या घरात त्याला अर्धा डॉक्टर धरायचे. देगलूरला त्याची सासुरवाडी, मोठं अंगण, तिथं दोन मांजरं आधीच. तो आला, टोपली आणली. आता सरकी कुणाच्या हाताला यायची? कमरुन्निसाच्या. तिनंच तिला उचललं. सरकी नेहमीसारखी डोळे मिटून तिच्या हातात आली आणि टोपलीवर झाकण पडेपर्यंत तिला काही कळलं नाही. चांदपाशानं टोपली तीनदा गरागरा फिरवली, म्हणजे मांजर वाट विसरतं. ती टोपली फिरताना बघवत नव्हती, पण पोरीच्या श्वासापुढं कमरुन्निसा काय बोलणार होती?

भूकंपाला येत्या सप्टेंबरात पंचवीस वर्षं होणार होती. भूकंपाच्या त्या आठवड्यात कमरुन्निसा आजारी आईला बघायला किल्लारीकडच्या माहेरी गेली होती. दगडामातीच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद. पहाटे घरातलं मांजर दाराशी ओरडायला लागलं ते थांबेचना. आईची झोप मोडेल म्हणून ती चिडून उठली, मांजराला बखोटीला धरलं आणि दोन रट्टे घालून बाहेर फेकायला अंगणात आली. फेकायच्या आधीच मागं घर खाली बसलं. आत आई आणि बहीण. त्या दिवसापासून ती स्लॅबखाली झोपली नाही. लातूरच्या घरी अंगणात चार बांबूंवर पत्रा टाकून घेतला, त्याखाली तिची बाज. लोकांनी समजावलं, मौलवींनी ताईत दिला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कशानं काही झालं नाही. मग एकदा शेजारचं एक मांजर येऊन बाजेवर झोपलं आणि त्या दिवशी तीही झोपली. हिशोब साधा होता. मांजराला आधी कळतं. ते झोपलं म्हणजे खालची जमीन झोपली. मग आपणही झोपायला हरकत नाही. एक मेलं की दुसरं, अशी सरकी चौथी.

तर तो शुक्रवार. शुक्रवारी दुकान बंद, यंत्र बंद. हुमानं खिचडी आणि चिंचेचा पातळ खट्टा केला होता. फरहान सकाळच्या बसनं नांदेडहून आला होता, आणि तो उगाच आला नाही हे कमरुन्निसाला त्याच्या हातातल्या बीपीच्या मशिनीवरून कळलं. जुम्म्याची नमाज पढून बापलेक परत आले, दस्तरखान अंथरला गेला आणि जेवायच्या आधी फरहान म्हणाला, "अम्मी, हात दे जरा."

तिनं हात दिला. पट्टा फुगला, उतरला.

"किती?" हुमानं विचारलं.

"एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचं एकशे चार." फरहाननं मोठ्या भावाकडं पाहिलं. "भाई, हे काही चांगलं न्हाई."

"मागच्या म्हैन्यात मोजलं तवा एकशे चाळीस होतं," चांदपाशा म्हणाला. "तवा हिच्या मांडीवर मांजर होतं."

"अब्बा, मांजराचा काय संबंध?"

"मी कुठं म्हणालो संबंध हाय. मी आकडा सांगितला."

यासेरनं खिचडी वाढून घेतली. यासेर बेचाळीसचा, पण त्या दिवसांत पन्नाशीचा दिसायचा. जून-जुलै म्हणजे लातुरात गाद्यांचे दिवस. होस्टेलं भरायची, नव्या पोरांना नव्या गाद्या, जुन्या गाद्या उसवून, पिंजून परत भरायच्या. औसा रोडच्या एका होस्टेलचं तीनशे गाद्यांचं काम त्याच्या डोक्यावर होतं. सकाळी सहाला यंत्र सुरू व्हायचं ते दिवेलागणीला थांबायचं. पूर्वी तो आईची बाजू घ्यायचा. मांजर न्यायची गोष्ट निघाली तेव्हाही तोच म्हणाला होता, राहू द्या, बघू आठ दिवस. पण आता त्याला कुणाची बाजू घ्यायचंही बळ उरलं नव्हतं.

"मी काय म्हणून राहिलो," फरहाननं सुरुवात केली. सहा वर्षं नांदेडला राहून त्याची बोली तिकडची झाली होती. "मांजर गेलं, तरी पोरगीचा खोकला जाऊन नाही राहिला. का? तर केस. मांजराचे केस गादीत राहतात, पांघरुणात राहतात, कपड्यांत राहतात. पाच वर्षं अम्मी त्या मांजराला कुशीत घेऊन झोपली. अम्मीची बाज, अम्मीची गोधडी, अम्मीचे कपडे."

"सगळं उकळून धुतलं मी," हुमा म्हणाली. "नळाला आठ दिसांनी पाणी, तरी टँकर घेऊन धुतलं."

"धुऊन जात न्हाईत भाभी. म्हणून मी म्हणतो, अम्मीनंच थोडे दिवस देगलूरला राहावं. परीक्षा होईपर्यंत. तिथं मोठं अंगण हाय, हवा हाय, अम्मीला आराम. आन्..." तो जरा थांबला, "तिथं तिची सरकी हाय."

कमरुन्निसानं बघितलं, सगळ्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. हुमाचे खांदे खाली आले. यासेरनं पहिल्यांदा घास नीट चावला. म्हणजे हे आधी बोलून झालं होतं. फोनवर, तिच्या पाठीमागं. मांजर गेलं, आता मांजरवाली. तिला राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात जोर लागतो.

"अम्मी, तुम्ही मनात काही आणू नका," हुमा म्हणाली. तिचा आवाज खरंच ओला होता. "मला काय तुम्ही जड झाल्या का? पण एक वर्ष हाय. हे वर्ष गेलं तर पोरगी गेली."

"मला कळतं बेटा."

आणि तिला कळतही होतं. हीच हुमा मांजर गेलं त्या दिवशी स्वयंपाकघरात रडली होती. सरकीवर तिचाही जीव होता.

मनतशा समोर बसली होती. खाली मान, भातात बोट. सरकी होती तेव्हा ही पोरगी घरी आली की आधी अंगणातल्या बाजेवर आडवी व्हायची. मांजराला पोटावर घ्यायची आणि त्याला धडा वाचून दाखवायची, हृदयाला कप्पे चार, फुप्फुसं दोन. चांदपाशा म्हणायचा, परीक्षेला मांजर बसवा, पहिला नंबर येईल. दर रविवारी कोचिंगची चाचणी आणि सोमवारी नंबरांची यादी भिंतीवर. ज्या सोमवारी नंबर खाली जायचा त्या सोमवारी पोरगी कुणाशी बोलायची नाही, सरकीच्या पोटाला कान लावून पडायची. सरकी गुरगुरायची. तासाभरात पोरगी उठून चहा मागायची. आता ती वर जायची आणि दार लावायची. आत काय करायची ते कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या सोमवारी तिचा नंबर एकशे दहाने खाली आला होता, हे तिनं घरात सांगितलंही नव्हतं. वरच्या दुसऱ्या खोलीत राहणाऱ्या केवळाबाईकडून कळलं.

केवळाबाई हदगावकडची. शेतकऱ्याच्या घरची बाई, नात पूनम कोचिंगला म्हणून भाड्याची खोली घेऊन राहिलेली, नातीला दोन वेळा गरम भाकरी करून घालायला. त्या सोमवारी जिन्यावर बसून ती नंबराचं सांगत होती आणि सांगता सांगता म्हणाली होती, "आपा, राग नका धरू. हदगावला जिनिंगवर दोन हंगाम काढले म्या. तिथं बायांना असाच खोकला व्हायचा. सुटीच्या दिशी बसायचा, कामावर आलं की उठायचा. तुमच्या पोरीचा मला तसलाच वाटायला लागलाय."

कमरुन्निसा तिच्यावर खेकसली होती. "आमच्या घरात चार पिढ्या कापूस पिंजला जातो केवळाबाई. कापसानं कुणाला काय होतंय?"

केवळाबाई उठून भाकरी थापायला गेली. कमरुन्निसा मात्र तिथंच बसून राहिली. झोप नसलेल्या माणसाकडं वेळ फार असतो. तिनं मागचे दिवस एकेक करून काढले. मागचा शुक्रवार, यंत्र बंद. पोरगी खोकली नव्हती. त्याआधी ईद. ईदेला चार दिवस यंत्र बंद होतं आणि सरकी तर घरातच होती, पोरीच्या नव्या ओढणीवर झोपली होती. पोरगी हसत होती. गल्लीत मैत्रिणींबरोबर पळत गेली, पळत आली. श्वासाला शिटी नव्हती.

हे कळून चार दिवस झाले होते आणि चार दिवस तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं. बोलायचं तर कसं? यंत्रावर घर चालत होतं. पोरीचं कोचिंग त्याच यंत्रावर. आणि ऐन गाद्यांच्या दिवसांत आईनं म्हणायचं, तुझं यंत्र बंद कर? सगळे हेच म्हणाले असते की म्हातारी मांजरासाठी बोलायली.

आणि आता तर बोलायचीही गरज नव्हती. देगलूरचं ते अंगण तिच्या डोळ्यांपुढं आलं. बाज, सावली, आणि पोटाशी ते ऊबदार ओझं. आपण नुसतं बरं म्हणायचं. संध्याकाळच्या बसला बसायचं. उद्या दुपारी आपण झोपलेलो असू. बरं म्हणायला तिची जीभ उचललीसुद्धा होती.

मनतशानं खट्ट्याची वाटी तोंडाला लावली आणि सगळा खट्टा एका दमात प्याली. एका दमात.

"हुमा," कमरुन्निसा म्हणाली, "आज सकाळपासून पोरगी किती वेळा खोकली?"

"आज? आज कोचिंगला सुटी म्हणून घरीच हाय ती. आज..." हुमा आठवायला लागली. "आज न्हाई खोकली."

"घरीच हाय आन् खोकली न्हाई. मागच्या शुक्रवारी?"

हुमानं मनतशाकडं पाहिलं. मनतशानं नाही म्हणून मान हलवली.

"ईदेला? चार दिवस?"

"अम्मी, तू काय म्हणून राहिली?" फरहान म्हणाला.

"मी काही म्हणत न्हाई. मी विचारायली. ईदेला सरकी घरात होती, पोरीच्या अंगावर लोळत होती. खोकला होता का? न्हवता. आज अकरा दिवस झाले, सरकी न्हाई. काल खोकला होता का? होता. आज न्हाई. काल आन् आजमधी काय फरक हाय ते सांगा मला."

सगळ्यांना एकदमच कळलं असावं, कारण कुणीच मागच्या खोलीकडं बघितलं नाही. बघायचं टाळलं. शेवटी यासेरनं हातातला घास ताटात ठेवला.

"यंत्र," तो म्हणाला.

"हाव."

"म्हणजे माझ्या पोरीला मी आजारी पाडायलोय."

"मी असं कुठं म्हणले बाबा?"

"दुसरं काय म्हणलीस?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तेच जास्त लागलं. "सहा वाजल्यापासून मी त्या खोलीत असतो. कुणासाठी? तीनशे गाद्या द्यायच्यात मला. आन् तू म्हणती..."

"मांजर परत पायजे म्हणून अम्मी..." फरहान म्हणायला गेला.

"फरहान," हुमा मधेच म्हणाली. "थांब जरा." ती उठली होती. "डॉक्टरांनी मला धूळ विचारली होती. मी न्हाई म्हणले. मला वाटलं, धूळ म्हणजे केर. कापूस म्हणजे धूळ कशी?"

हुमानं बाजू बदलली आणि घराचा काटा हलला. पण खरी भीती कमरुन्निसाला होती ती नवऱ्याची. तिनं हळूच त्याच्याकडं पाहिलं. चांदपाशानं जेवण थांबवलं होतं. भिंतीवर त्याची धुनकी टांगलेली, कापूस पिंजायची लांब लाकडी कमान. तिच्यावर त्याच्या हाताच्या जागी खड्डा पडलेला. यंत्र येण्याआधी ती खांद्यावर टाकून तो धर्माबाद-देगलूरपर्यंत गावोगाव फिरलेला माणूस.

"कमर," तो म्हणाला, "कापसावर बोट ठेवायलीस तू."

तिनं ताट बाजूला सारलं.

"या घरात लेकरू जन्मलं की पहिलं कशात ठेवतो आपण? नव्या पिंजल्या कापसात. यासेरला माझ्या अब्बांनी ठेवलं. या पोरीला मी ठेवलं, या हातांनी. कापूस आपल्या लेकराला मारत न्हाई. कापसानं..."

आणि त्याला खोकला आला.

तो काही नवा खोकला नव्हता. चाळीस वर्षं तो खोकत होता. गल्लीत लोक त्या खोकल्यावरून म्हणायचे, चांदपाशा आला. पोरं त्याची नक्कल करायची. घरात तो घड्याळाच्या ठोक्यासारखा होता, ऐकू येऊनही ऐकू यायचा नाही. पण त्या दुपारी यंत्र बंद होतं, कुणी बोलत नव्हतं आणि पाच माणसं तो खोकला पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत बसली. तो लवकर थांबला नाही. मनतशानं उठून पाणी दिलं. त्यानं पाणी घेतलं, डोळे पुसले आणि तांब्या खाली ठेवला.

"अब्बा खोकत गेले," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ खोकत गेला. लोक म्हणाले बिडीनं गेले. आम्हीबी तेच म्हणायचो." मग थोड्या वेळानं, "दोघांनी जन्मात बिडी वढली न्हाई."

पत्र्यावर कावळा उतरला, उडाला. खिचडी निवून गेली.

"मला वाटायचं माझ्यामुळंच," मनतशा म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती. "क्लासला गेले की खोकला न्हाई, घरी आले की येतो. मला वाटायचं सरकीच. तिला माझ्यामुळं टोपलीत घातलं. तिला काय वाटलं असंल?" आणि पोरगी रडायला लागली. अकरा दिवस साठलेलं होतं, ते एका बैठकीत संपणार नव्हतं. हुमानं तिला जवळ घेतलं.

"तुला कधी कळलं हे?" चांदपाशानं बायकोला विचारलं.

"सोमवारी."

"आन् आज बोललीस."

"आधी बोलले असते तर मांजरासाठी बोलले असं झालं असतं."

"आन् आज?"

"आज मला मांजर मिळतच होतं की," कमरुन्निसा म्हणाली.

चांदपाशानं तिच्याकडं पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत त्यानं तिच्याकडं असं किती वेळा पाहिलं असेल, दोनदा किंवा तीनदा. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, भिंतीवरची धुनकी काढली आणि यासेरच्या पुढ्यात ठेवली.

"बार्शी रोडला सटवाजीचं पत्र्याचं शेड रिकामं हाय. आज संध्याकाळी जाऊन बोल. यंत्र तिकडं. हे पण तिकडं. आन् उद्यापासून तोंडाला फडकं बांधल्याशिवाय यंत्राला हात लावायचा न्हाई."

"अब्बा, तीनशे गाद्या..."

"दोन दिवस उशीर होईल. त्यांना सांग, बापाचं डोकं फिरलंय."

यासेर दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो आणला. यंत्र खोलून चार माणसांनी बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीवर बोटभर पांढरा थर होता. यासेरनं त्याच्यावर हात फिरवला, हाताकडं बघितलं आणि तो पायपुसण्याला पुसला. हुमा पोरीला घेऊन परत डॉक्टरांकडं गेली. ते म्हणाले, हे पहिल्यांदा का नाही सांगितलं? हुमा म्हणाली, तुम्ही धूळ विचारलीत, कापूस विचारला नाहीत. डॉक्टरांनी औषध बदललं, म्हाताऱ्यालाही घेऊन या म्हणाले. मांजराचं विचारलं तर म्हणाले, पोरीच्या उशीवर नको, बाकी बघू.

रिकामी खोली हुमा आणि केवळाबाईनं मिळून तीनदा धुतली. टँकरचं पाणी घालून घालून फटीतला कापूस काढला. केवळाबाई पदरानं तोंड बांधून बसली होती आणि कमरुन्निसानं तिला चहा नेऊन दिला. "त्या दिशी खेकसले मी," ती म्हणाली. केवळाबाई म्हणाली, "माझ्या ध्यानातबी न्हाई," आणि दोघींना माहीत होतं की होतं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी फरहान तीच टोपली घेऊन आला. झाकण उघडलं. सरकी बाहेर आली, वाळलेली, एका कानाला देगलूरच्या मांजरांनी ओरखडलेलं. मनतशा खाली बसली, हात पुढं केला. सरकीनं तिच्या हाताचा वास घेतला आणि कमरुन्निसाकडं पाठ करून चालू लागली. कमरुन्निसा म्हणाली, "बरोबर हाय तिचं. मीच घातलं तिला टोपलीत."

सरकीनं आख्खं घर हुंगलं. दुकान, स्वयंपाकघर, जिना. अंगणातल्या बाजेपाशी थांबली, चढली नाही. मग मागच्या खोलीच्या दाराशी गेली. त्या खोलीत ती जन्मात गेली नव्हती, यंत्राच्या आवाजाला भ्यायची. आता तिथं ओल्या फरशीचा गारवा होता आणि कोपऱ्यात एक चटई. ती आत गेली, चटईवर तीनदा गोल फिरली आणि आडवी झाली. डोळे मिटले.

कमरुन्निसा उंबऱ्याशी उभी राहिली. वर स्लॅब होता. चांगला जाड, यासेरनं बांधून घेतलेला. पंचवीस वर्षं ती अशा छताखाली चुलीपुरती, नमाजेपुरती जात होती. पाठ टेकवली नव्हती. ती सरकीच्या पोटाकडं बघत राहिली. पोट वर जात होतं, खाली येत होतं. कान हलत नव्हते.

"अम्मी, बाज आत आणू का?" हुमानं विचारलं.

"नको. राहू दे."

ती आत गेली. भिंतीला धरून बसली आणि मग आडवी झाली. हात लांब केला. सरकीनं डोळे उघडले नाहीत, पण थोड्या वेळानं मागचा पाय ताणून तिच्या मनगटावर टेकवला. रागातच टेकवला असावा. कमरुन्निसाला छताकडं एकदा बघून घ्यायचं होतं, पण पापण्या उचलेनात.

अर्ध्या झोपेत तिला चांदपाशाची पावलं ऐकू आली. अंगणात आली, दाराशी थांबली. त्याच्या छातीत खोकला उठलेला तिला कळला, इतक्या वर्षांनी तो तिला आधीच कळायचा. ती वाट बघत राहिली. खोकला आला नाही. पावलं घाईनं मागं फिरली, दुकानातून बाहेर गेली. मग कितीतरी वेळानं, गल्लीच्या पार टोकाकडून, तो खोकला. तिनं तो ऐकला, ऐकता ऐकता अर्धाच राहिला, आणि ती झोपली.